ई-मेलच्या पत्त्याची नोंदवही

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशास एका गोष्टीचे नवल वाटते. ज्या तारापूर औद्योगिक वसाहतीत त्यास जावयाचे असते ती बोईसरला लागूनच आहे. तारापूर गाव मात्र तेथून दूर, समुद्रकाठी. नाव एक व ठिकाण दुसरे असूनही टपाल चुकत नाही, याचे श्रेय १९७२ साली सुरू झालेल्या पिन कोडला आणि डाकघरातील कर्मचाऱ्यांच्या माहितीला द्यावे लागेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कारखान्यांच्या पाट्यांवरील जिल्हा बदलला, पिन कोड तोच राहिला.

ई-मेलच्या व्यवहारात नाव व ठिकाण यांची सांगड घालण्याचे काम डीएनएस ही व्यवस्था करते. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली अमेरिकेत तिची मांडणी केली. प्रत्येक डोमेन नावामागे नोंदींचे एक पान असते. संकेतस्थळ कोणत्या सर्व्हरवर आहे हे एक नोंद सांगते. त्या नावाने येणारे टपाल कोठे पोहोचवावे हे दुसरी, म्हणजे एमएक्स नोंद सांगते. या दोन नोंदी स्वतंत्र आहेत, आणि घोटाळा होतो तो बहुधा येथेच.

समजा, वसाहतीतील एका लहान कारखान्याने संकेतस्थळासाठी नवी होस्टिंग कंपनी निवडली. नव्या कंपनीने आपले नेमसर्व्हर दिले, मालकाने ते बदलले, संकेतस्थळ झळकू लागले. परंतु नव्या पानावर जुनी एमएक्स नोंद कोणी उतरवून घेतलीच नाही. ग्राहकांची पत्रे आता नव्या सर्व्हरकडे जातात. तेथे तर खातेच उघडलेले नसते. खरेदीचे आदेश, निविदांची उत्तरे, देयके परत फिरतात. न आलेल्या पत्राचा आवाज होत नाही, म्हणून ही गोष्ट ध्यानात येण्यास कित्येक दिवस लागतात.

जाणाऱ्या पत्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुसऱ्याच्या नावाने ई-मेल पाठविणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे बनावट पत्र कारखान्याच्या नावे ग्राहकाकडे गेले, तर नुकसान दोघांचेही होते. यासाठी तीन नोंदी असतात. आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. पत्रावरील अदृश्य मोहोर पडताळण्याची किल्ली डीकेआयएम नोंदीत असते. पडताळणीत पत्र नापास झाले तर काय करावे, याची सूचना डीमार्क देते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी प्रत्येक प्रेषकाकडे पहिल्या दोहोंपैकी किमान एक असावी, असा दंडक घातला आहे. मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही आवश्यक आहेत. मात्र एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या फसव्या नावापुढे या नोंदींचा इलाज चालत नाही.

एसपीएफबाबत एक चूक वारंवार आढळते. नवी सेवा घेतली की जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी जोडली जाते. एका नावास एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की दोन्ही निकामी ठरतात. नवा सर्व्हर जुन्याच ओळीत घालावयाचा असतो.

एखादी नोंद बदलण्यापूर्वी तिची मुदत, म्हणजे टीटीएल, पाहावी. ती २४ तासांची असेल तर जुना पत्ता जगभरच्या सर्व्हरांच्या स्मरणात तितका वेळ राहू शकतो. म्हणून एक-दोन दिवस आधीच ती काही मिनिटांवर आणतात आणि जुनी सेवाही लगेच बंद करीत नाहीत.

शासकीय कार्यालयांच्या ‘जीओव्ही डॉट इन’ नावांची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र पाहते. खासगी नाव घेतलेल्या शाळेस वा ग्रामपंचायतीस मात्र स्वतःच लक्ष घालावे लागते. पुष्कळदा नाव संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या खात्यावर असते. तो गाव सोडून गेला की नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याकडेच जाते. ते खाते संस्थेच्या नावे करून घ्यावे, आणि नोंदींच्या पानाची छापील प्रत दप्तरात लावावी. खात्याशी जोडलेला ई-मेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा. टपाल बंद पडले तर पासवर्ड बदलण्याचे पत्रही पोहोचणार नाही.