भावी डॉक्टरांचा ताण आणि रोजचा घाम

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. खटाव तालुक्यातले एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला. वडील खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागले, "डॉक्टर, पोराची छाती धडधडतीया म्हणतोय. रातच्याला झोप न्हाई. खाल्लेलं अंगाला लागंना. काय असंल ते समदं तपासा, पैशाचं बघू नका."

तपासले. नाडी जरा जलद होती, बाकी हृदय, रक्तदाब, ई.सी.जी., हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळे ठीक. मुलगा मान खाली घालून बसला होता. आपल्याला हृदयरोग झाला आहे, अशी त्याची खात्री झाली होती. वैद्यकाची पुस्तके वाचणाऱ्या मुलांना हे पुष्कळदा होते. जो धडा वाचावा, तो आजार आपल्याला आहे असे वाटू लागते.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "शेवटचा दमेपर्यंत घाम कधी आला होता?"

तो विचारात पडला. उत्तर वडिलांनीच दिले, "दहावीपर्यंत तालमीत जायचा. मीच बंद केलं. म्हटलं, आधी डॉक्टर हो, मग काय त्या उड्या मार."

म्हणजे तीन वर्षे झाली. वाचकहो, आजचा लेख या तीन वर्षांबद्दल आहे.

ताण कशाचा?

आपल्या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय शिक्षणाची मोठी सोय आहे. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कऱ्हाडचे कृष्णा १९८४ पासून. सांगलीत भारती विद्यापीठाचे महाविद्यालय आहे आणि साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय झाले आहे. दरवर्षी शेकडो मुलेमुली येथे येतात, आणि आपल्या गावांतली मुले शिकायला बाहेर जातात ती वेगळीच. एका घरातला मुलगा मेडिकलला लागला, की सगळ्या गावात पेढे वाटले जातात. त्यानंतर त्याचे काय चालले आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

शाळेत जो कायम पहिला, तो येथे शंभर-दीडशे पहिल्या नंबरवाल्यांत येऊन पडतो. पहिल्या चाचणीत कदाचित आयुष्यात प्रथमच नापास होतो. मराठी माध्यमातून आलेल्याला शरीररचनाशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर दिसते. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी पहिले काही दिवस जेवण जात नाही. घरी कर्ज काढले असेल, तर त्याचेही ओझे मनावर असते. पुढे वॉर्ड, रात्रपाळ्या, तोंडी परीक्षा आणि त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशाची चिंता.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. देशभरातल्या पंचवीस हजारांहून अधिक एम.बी.बी.एस. विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरून दिली होती. त्यांतल्या सुमारे २८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले. ही मुले आपणहून उत्तरे देणारी होती, म्हणून आकडा थोडा जपून घ्यावा. तरीही चारांत एकाहून अधिक, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

शरीरात काय होते?

समजा, बांधावरून चालताना समोरून मारका बैल आला. मेंदू धोका ओळखतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडते, श्वास वाढतो, रक्तात साखर येते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ही सगळी तयारी पळण्यासाठी असते. आपण पळतो, बैल मागे राहतो आणि थोड्या वेळात शरीर शांत होते.

परीक्षेचा बैल मात्र वेगळा. तो समोरून जातच नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. तयारी सगळी होते, पण शरीर खुर्चीतच. हे महिनोन् महिने चालले, की झोप उडते, पोट बिघडते, डोके दुखते, चिडचिड होते आणि वाचलेले लक्षात राहत नाही. मग मुलगा अधिक जागतो, चहा-कॉफी वाढवतो, खेळायला जाणे सोडतो. ज्या दोरीने विहिरीतून वर यायचे, तीच तो आधी कापतो.

व्यायामाने काय साधते?

पहिली गोष्ट, व्यायामातही हृदय धडधडते आणि घाम येतो, पण त्यात भीती नसते. रोज पळणाऱ्याच्या मेंदूला हळूहळू कळते, की छाती धडधडली म्हणजे संकट आले असे नाही. माझ्या त्या रुग्णाला नेमके हेच शिकायचे होते. शिवाय काही आठवड्यांच्या सरावाने विश्रांतीच्या वेळची नाडीही सावकाश होते.

दुसरी गोष्ट झोप. अंग दमले, की झोप लवकर आणि गाढ लागते. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. म्हणून संध्याकाळी खेळात घालवलेला अर्धा तास रात्री वसूल होतो.

तिसरी गोष्ट स्मरणशक्ती. अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालण्याचा व्यायाम केला, निम्म्यांनी फक्त अंग ताणण्याचे प्रकार केले. चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे दोन टक्के वाढलेला दिसला, दुसऱ्या गटात तो थोडा कमी झाला. हा प्रयोग विद्यार्थ्यांवरचा नव्हता, हे खरे. पण चालण्याने मेंदूत बदल होतो, एवढे त्यावरून दिसते.

चौथी गोष्ट मनाची उभारी. येथे एक शंका येईल. व्यायाम करणारी मुले आनंदी असतात, की मुळात आनंदी असलेलीच मुले व्यायामाला जातात? शंका योग्य आहे. खचलेल्या मुलाला अंथरुणातून उठणेच जड जाते, त्यामुळे नुसत्या पाहणीवरून काही ठरवता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून प्रयोग करावा लागतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात नैराश्याचे १५६ रुग्ण होते, सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. काहींना औषध दिले, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. औषधाचा गुण आधी दिसला, पण चार महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. याचा अर्थ कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. व्यायामाला औषधाच्या पंगतीत बसवता येते, एवढाच याचा अर्थ.

किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण सोपे आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतके भरभर चालणे. किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम करावा, जसे पळणे, पोहणे, फुटबॉल. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, म्हणजे जोर, बैठका, वजने. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढाच हा हिशेब आहे.

ज्याची सवय मोडली आहे, त्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळणारा तिसऱ्या दिवशी घरी बसतो. रुग्णालयात लिफ्ट सोडून जिना धरावा. मेसमधून निघाल्यावर होस्टेलला दोन फेऱ्या माराव्यात. अगदी झोपण्यापूर्वी दमछाक करणारा व्यायाम नको. परीक्षेच्या महिन्यात वेळ निम्मा केला तरी चालेल, शून्य करू नये. खरी गरज त्याच महिन्यात असते.

ज्यांना मैदान नाही, किंवा ज्या मुलींना संध्याकाळनंतर बाहेर पडणे अवघड जाते, त्यांच्यासाठी आपल्याच मातीतला उपाय आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानातल्या शाळांतून मुलांना सूर्यनमस्कार शिकवले. सूर्यनमस्काराला लागते ती एका सतरंजीएवढी जागा. दोरीवरच्या उड्यांना तर गच्चीचा कोपराही पुरतो.

साताऱ्याच्या मुलांना अजिंक्यतारा आहे. २०१२ पासून तेथे हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने २१ किलोमीटर पळायला लोक लांबून येतात. पळायचे नसेल त्याने पहाटे किल्ल्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन यावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. ते कऱ्हाडच्या शाळेत शिकले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातही गेले. तालीम आणि पुस्तक यांचे वैर आपल्या भागात पूर्वी नव्हते, ते अलीकडे आपणच लावून दिले.

दोन सूचना. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि जिममध्ये कुणी पिळदार अंगासाठी इंजेक्शन सुचवले, तर त्या वाटेला जाऊ नये.

जे व्यायामाने होत नाही

आता थोडे स्वतःचे सांगतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी होस्टेलवर होतो, तेव्हा माझ्या खोलीत एक हुशार मुलगा होता. दुसऱ्या वर्षी तो जेवायला यायचा बंद झाला, मग वर्गात यायचा बंद झाला. आम्ही म्हणायचो, फार अभ्यास करतोय. एका सुट्टीत तो गावी गेला, तो परत आलाच नाही. आज शेती करतो, बरा आहे. पण त्याला तेव्हा नैराश्याचा आजार होता, हे त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या, डॉक्टर होऊ घातलेल्या मला कळले नाही.

व्यायामाने तो बरा झाला असता असे मी म्हणणार नाही. त्याला उपचार हवे होते. पण आम्ही दोघे रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायला जात असतो, तर तो यायचा थांबला त्याच दिवशी माझ्या लक्षात आले असते. वर्गात शंभर जणांत एक कमी असला तर कळत नाही. मैदानावर सहांत एक कमी पडला, की खेळ अडतो आणि कुणीतरी त्याच्या खोलीचे दार वाजवायला जाते. म्हणून माझे सांगणे आहे, की व्यायाम शक्यतो चारचौघांत करा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, झोप-भूक गेली किंवा जगणे नको असे विचार आले, तर वाट पाहू नये. मनोविकारतज्ज्ञ आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतच असतात, त्यांच्याकडे जावे. आपल्याच सरांकडे जायला संकोच वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. तो २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हृदयाचा रोगी तज्ज्ञाकडे जातो, तसेच हे. त्यात कमीपणा नाही.

पालकांसाठी

त्या मुलाला मी गोळी दिली नाही. एका कागदावर लिहून दिले : रोज संध्याकाळी अर्धा तास, मित्राबरोबर, आणि रात्री बारानंतर पुस्तक बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायला सांगितले. फरक पडला नसता, तर पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे ठरवले होते. दुसऱ्या भेटीत धडधड कमी होती. तिसऱ्या भेटीत होस्टेलवरची कबड्डी सुरू झाली होती. वर्षाची परीक्षा तो पास झाला. पहिला वगैरे आला नाही.

वडील निकाल सांगायला आले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "तात्या, पोराचा फोन आला की आधी काय विचारता?"

"पेपर कसा गेला, हेच की."

"आता आधी तीन गोष्टी विचारायच्या. जेवलास का, झोपलास का, खेळलास का. पेपरचं तो आपणहून सांगंल."

तात्या हसले. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमी सोता जाता का हो खेळायला?"

खरे सांगायचे तर मधली काही वर्षे माझेही बंदच होते. त्या दिवसापासून सकाळी चालायला लागलो आहे.