न्हावरे, न्हावऱ्यास आणि संचालनप्रणालीची नवी आवृत्ती

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात न्हावरे नावाचे गाव आहे. पुणे, ठाणे यांप्रमाणे हेही एकारान्त ग्रामनाम असल्यामुळे प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि न्हावऱ्यास, न्हावऱ्याहून, न्हावऱ्याचा अशी रूपे सिद्ध होतात. मराठी लेखनाचे दोन विशेष या एका नावात एकत्र आले आहेत. आरंभीचा 'न्ह' हा उच्चारात पुष्कळसा एकजीव असून लेखनात मात्र जोडाक्षर आहे. सामान्यरूपातील 'ऱ्य' मध्ये रफार नसून अर्धचंद्राकृती अर्धा र आहे. आणि तो केवळ शोभेचा नाही. 'आचार्यास' म्हटले म्हणजे गुरूचा बोध होतो, 'आचाऱ्यास' म्हटले म्हणजे स्वयंपाक करणाराचा. संगणकाची मूळ संचालनप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलण्याची वेळ आली असता मराठी मजकुराचे काय होते, हे समजून घेण्यास हे ग्रामनाम फार सोयीचे आहे.

असा प्रसंग प्रस्तुत काळी आलेलाच आहे. जुलै २०१५ मध्ये प्रसृत झालेल्या 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. संस्थांना मूल्य देऊन सुरक्षाविषयक दुरुस्त्या अधिकाधिक तीन वर्षे मिळू शकतात. परंतु ही केवळ मुदतवाढ होय. 'विंडोज ११' ही २०२१ सालची प्रणाली विशिष्ट सुरक्षा-चकती आणि तुलनेने नवे प्रक्रियक यांची अपेक्षा करते. परिणामी अनेक ठिकाणी प्रणालीबरोबर यंत्रही बदलावे लागते, आणि वर्षानुवर्षे साठलेल्या फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्याव्या लागतात. भाषाभ्यासाच्या विभागात या फाइली म्हणजे प्रबंध, शब्दसूची आणि बोलींच्या नोंदी होत. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाकडे सोपवून भागत नाही.

संगणकावरील देवनागरी मजकुराचे तीन स्तर मानता येतात. पहिला स्तर संकेतांचा. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिपींची संकेतावली प्रमाणित केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या यूनिकोडनेही आपली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. यूनिकोडमध्ये 'न्हावरे' हे नाव न, हलन्तचिन्ह, ह, काना, व, र आणि मात्रा अशा सात संकेतांनी साठविले जाते. 'न्ह' नावाचे अक्षर संगणकाच्या स्मृतीत कोठेही नसते. दुसरा स्तर जुळणीचा. पहिल्या तीन संकेतांचे मिळून एक जोडाक्षर करावयाचे, हा निर्णय संचालनप्रणालीतील किंवा लेखनाच्या कार्यक्रमातील जुळणी-यंत्रणा करते. तिसरा स्तर आकृतीचा, म्हणजे फॉन्टचा. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न असली तरी त्यांचे संकेत एकच आहेत. भेद आहे तो याच स्तरावर. प्रणाली बदलते तेव्हा दुसरा आणि तिसरा हे स्तर बदलतात. पहिला स्तर प्रमाणित असेल तर तो अबाधित राहतो. संक्रमणात काय टिकेल आणि काय जाईल, याचे उत्तर या एका विधानात सामावले आहे.

या विधानाची कसोटी जुन्या फाइलींवर लागते. विंडोजमध्ये यूनिकोड देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली. तत्पूर्वी, आणि त्यानंतरही छपाईच्या क्षेत्रात दीर्घकाळ, मजकूर निराळ्या युक्तीने लिहिला जाई. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसविलेले फॉन्ट वापरले जात. 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये 'राम' लिहिले असता स्मृतीत रोमन जे, के आणि ई ही तीन अक्षरेच साठतात. येथे पहिला स्तर मराठीचा नाहीच. मराठी आहे ती केवळ आकृतीत. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला तर मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा पुंज बनतो. शिवाय असा मजकूर लिहिण्याचे काही जुने कार्यक्रम यंत्राला जोडावयाच्या कुलपावर, म्हणजे डाँगलवर अवलंबून असत. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. १६ बिटांचे जुने कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत, आणि ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेले यंत्रचालक कार्यक्रम ती स्वीकारीत नाही. अशा वेळी फाइल सुरक्षित असूनही ती उघडण्याचे साधन नाहीसे होते.

यूनिकोडमध्ये लिहिलेला मजकूरही सर्वस्वी निर्धोक नसतो. 'न्हावऱ्यास' मधील अर्धा र दोन रीतींनी साठविता येतो. इस्कीला अनुसरणारी रीत म्हणजे नुक्तायुक्त 'ऱ', त्यापुढे हलन्तचिन्ह आणि मग य. दुसरी रीत यूनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य केलेली आहे: साधा र, हलन्तचिन्ह, अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. आणि यूनिकोडच्या समीकरणाच्या नियमांतही ती परस्परतुल्य ठरत नाहीत. अभ्यासकाने एका कळफलकावर दहा वर्षे नोंदी केल्या आणि नव्या यंत्रावर दुसरा कळफलक घेतला, तर 'न्हावऱ्या' या शब्दाचा शोध जुन्या निम्म्या नोंदींना स्पर्शही न करता परत येण्याचा संभव आहे. रूपांची वारंवारता मोजणाऱ्या संशोधनात असा दोष निष्कर्षापर्यंत पोहोचतो, आणि पडद्यावर सर्व काही यथास्थित दिसत असल्यामुळे तो लक्षातही येत नाही.

आणखी दोन बाबी ध्यानात घेतल्या पाहिजेत. 'मंगल' हा फॉन्ट अनेक वर्षे विंडोजमधील देवनागरीचा नित्याचा फॉन्ट होता. विंडोज १० पासून तो मागवून घ्यावयाच्या पूरक फॉन्टांत गेला. तो नसलेल्या यंत्रावर प्रबंध उघडला तर दुसरा फॉन्ट योजला जातो, ओळी निराळ्या ठिकाणी तुटतात आणि पृष्ठांक सरकतात. दुसरी बाब वर्णक्रमाची. संकेतावलीत 'ळ' हा 'ल' च्या लगत आहे, मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. शब्दसूची मराठी क्रमाने लावणे हे संकेतांचे काम नसून प्रणालीतील किंवा कार्यक्रमातील क्रमनियमांचे आहे. सबब आवृत्ती बदलल्यावर कोशाची सूची पुन्हा तपासणे अवश्य ठरते.

यावरून नवी आवृत्ती म्हणजे संकटच, असा ग्रह करून घेणे मात्र योग्य होणार नाही. 'ॲ' या वर्णाला यूनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वी अ आणि अर्धचंद्र असे दोन संकेत जोडून तो लिहावा लागे. मानकात मान्य झालेला असा वर्ण सामान्य लेखकाच्या हाती पडतो तो फॉन्ट, कळफलक आणि प्रणाली यांच्या नव्या आवृत्त्यांतूनच. विंडोजमध्ये मराठीचा उच्चारानुसारी कळफलक अंतर्भूत झाला तोही २०१९ सालच्या एका अद्ययावतीकरणात. मराठीला संगणकावर जे स्थान आज आहे ते अशाच क्रमाक्रमाने आलेले आहे.

तेव्हा संक्रमणापूर्वी करावयाचे कार्य स्पष्ट आहे. जुन्या फॉन्टांतील मजकूर, तो लिहिणारा कार्यक्रम चालू यंत्रावर उघडत आहे तोवरच यूनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रूपांतर झाल्यावर ऱ्य, ऱ्ह, न्ह, ॲ हे वर्ण ज्यांत येतात असे शब्द मूळ मुद्रित प्रतीशी ताडून पाहावेत, कारण रूपांतराच्या कार्यक्रमांची चूक बहुधा येथेच होते. अर्ध्या र ची एकच रीत विभागाने ठरवावी आणि जुन्या नोंदी तिच्यात आणाव्यात. ज्या प्रबंधांचे पृष्ठांक उद्धृत झाले आहेत त्यांची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत वेगळी ठेवावी. आणि मूळ फाइलही नष्ट करू नये.

अ. मा. घाटगे यांनी दक्षिण कानडातील कोंकणीचे केलेले वर्णन १९६३ साली प्रसिद्ध झाले. ते पुस्तक आजही कपाटातून काढून वाचता येते. त्यानंतर पस्तीस वर्षांनी संगणकावर टंकलिखित झालेल्या क्षेत्रनोंदींविषयी तसे खात्रीने म्हणता येत नाही. ज्या वक्त्यांकडून त्या मिळाल्या त्यांतील पुष्कळ आज हयात नसतील, आणि त्या बोलीची ती अवस्था पुन्हा नोंदविता येणार नाही. जुनी यंत्रे अद्याप चालू आहेत, तोवरच या नोंदी सोडविणे शक्य आहे.