रेती, विटा, सिमेंट : पुरवठादार निवडताना

वाशीम जिल्ह्यात घर बांधायला काढले की रेती, गिट्टी, विटा, सिमेंट आणि लोखंड कोणाकडून घ्यायचे हे आधी ठरते. बहुतेकदा भाव आणि उधारीची सोय पाहूनच हा निर्णय होतो. पण रेती, गिट्टी आणि विटा आसपासच्याच नदीतून, टेकडीतून आणि शेतातून येतात. त्यामुळे माल कुठून आणि कसा काढला, हे न लपवता सांगणारा पुरवठादार निवडणे गावाच्याच हिताचे असते.

पैनगंगेच्या पात्रातली रेती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. बेसुमार उपशाने पात्र खोल जाते आणि विहिरींची पातळी उतरते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. म्हणून रेती उतरवून घेण्यापूर्वी वाहतूक पास मागावा. त्यावरील घाटाचे नाव, ब्रास, वेळ आणि गाडीचा क्रमांक समोरच्या गाडीशी जुळला पाहिजे.

नदीच्या रेतीला पर्याय म्हणजे काळ्या पाषाणापासून केलेली कृत्रिम रेती. भारतीय मानक ३८३ मध्ये तिचा समावेश आहे. मात्र क्रशरवरची साधी चुरी म्हणजे कृत्रिम रेती नव्हे. चुरीत बारीक भुकटी जास्त असते. ती पाणी अधिक मागते आणि काँक्रीट कमजोर होते. चाळणी-चाचणीचा अहवाल देणारा आणि धूळ दाबण्यासाठी पाणी फवारणारा क्रशर पसंत करावा.

वीटभट्टीला शेताच्या वरच्या थरातली सुपीक माती लागते. हा थर पुन्हा तयार व्हायला शतके जातात. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे महानिर्मितीचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन औष्णिक वीज संच आहेत. त्यांच्या राखेच्या विटा भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे माती आणि इंधन दोन्ही वाचते. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांत राखेचा वापर व्हावा, असे केंद्र सरकारची डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सांगते; संपूर्ण वाशीम जिल्हा या अंतरात येतो. घेण्याआधी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवावी. वजन पाचव्या हिश्शाहून अधिक वाढले, तर ती वीट नाकारावी.

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात इंधन जळते आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असल्याने हे उत्सर्जन घटते. त्याला मजबुती सावकाश येते, म्हणून किमान १० दिवस पाणी मारावे लागते. ओले पोते पसरून ठेवल्यास पाण्याची बचत होते.

शेवटी भावांची तुलना करताना वाहतूक, फूटतूट आणि वाया जाणारा माल धरावा. कमी अंतरावरून येणाऱ्या मालाला डिझेल कमी लागते. मजुरांना ठरलेली मजुरी, पिण्याचे पाणी आणि सावली मिळते का, हे भट्टीवर किंवा खदानीवर जाऊन पाहावे. या अटी, मालाचा उगम आणि चाचणीचे निकष खरेदीच्या कागदावर लिहून घ्यावेत. अटीत न बसणारा माल परत करण्याचा हक्कही त्यातच नोंदवावा.