मोहल्ल्याच्या आरोग्याचे आकडे कोण मांडणार?

सर्व्हेवाले येतात, फॉर्म भरून घेतात, बोटातून रक्त घेतात आणि पुन्हा दिसत नाहीत. रिपोर्ट काय आला, कुणी छापला, कुणी वापरला, काही कळत नाही. ही तक्रार आपल्या वस्त्यांत नवी नाही.

यावर उपाय म्हणून वस्तीला सोबत घेऊन संशोधन करण्याची पद्धत पुढे आली आहे. त्यात मोहल्ला कमिटी, मशिदीचा ट्रस्ट, महिला बचत गट हे नुसते मदतनीस नसतात, भागीदार असतात. कोणत्या आजाराचा अभ्यास करायचा, काय विचारायचं, निकालाचं काय करायचं, हे सगळं मिळून ठरतं. अशा प्रकल्पाची बोलणी सुरू झाली की लोक दोनच गोष्टी विचारतात: डॉक्टर कोण, आणि पैसा कुणाचा? तिसरा प्रश्न राहून जातो, की आकड्यांचं काम कोण बघणार? या माणसाला ज्येष्ठ बायोस्टॅटिस्टिशियन म्हणतात. आपल्या भाषेत, आरोग्याच्या आकड्यांचा जाणकार. त्याच्या किंवा तिच्या निवडीत वस्तीचा शब्द असायला हवा, आणि तोही पहिला फॉर्म छापण्याआधी.

एवढं महत्त्व कशाला, असं वाटत असेल तर एप्रिल २०२० आठवा. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातल्या १४,३७८ कोरोना रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, निजामुद्दीन मरकजच्या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. हा आकडा खोटा होता असं म्हणायचं कारण नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा हवा होता. एकूण चाचण्या किती झाल्या, आणि त्यातल्या मरकजशी संबंधित लोकांच्या किती? त्या दिवसांत चाचण्या मोजक्याच होत होत्या. मरकजला गेलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना मात्र शोधून शोधून तपासलं जात होतं. जिथं जास्त शोधाल तिथं जास्त सापडणार, हे साधं गणित आहे. टीव्हीवर फक्त टक्का आला. त्याचा त्रास कुणाला झाला, हे फेरीवाल्यांना विचारा, ज्यांना भाजीचा भाव विचारण्याआधी नाव विचारलं गेलं. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडल्याची शक्यता बोलून दाखवली. तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

चांगला बायोस्टॅटिस्टिशियन पहिल्याच दिवशी हेच विचारतो: हा टक्का कशाचा? कितीपैकी किती?

आपल्याकडे ‘कितीपैकी’ हाच अवघड भाग आहे. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर मुंब्र्यात किती इमारती उभ्या राहिल्या, भिवंडीत किती कारागीर आले-गेले, याचा हिशेब त्या आकड्यांत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मोठं आणि विश्वासाचं आहे, पण त्याची पाचवी फेरी, २०१९-२१ ची, जिल्ह्यापर्यंतच आकडे देते. त्याखाली नाही. म्हणजे गोवंडीची अवस्था मुंबई उपनगर जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून जाते, आणि त्याच सरासरीत जुहू आणि पवईसुद्धा असतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली, तेव्हा सगळे विचारू लागले की लस किती मुलांना मिळाली होती. भाडेकरू दर अकरा महिन्यांनी खोली बदलतात, बाळंतपणाला सून माहेरी उत्तर प्रदेशात जाते, बाळ तिकडं जन्मतं, पहिला डोस तिकडं आणि दुसरा इकडं, किंवा कुठंच नाही. अशा वस्तीत ‘एकूण मुलं किती’ हेच आधी नीट मोजावं लागतं. त्यासाठी अनुभवी माणूस लागतो.

‘ज्येष्ठ’ हा शब्द पदनामात उगीच नसतो. नुकताच एम.एस्सी. झालेला मुलगा कॉम्प्युटरवर टेबलं काढून देईल, ती अगदी बरोबरही असतील. पण किती घरं घ्यायची आणि कोणती, हे ठरवताना चूक झाली तर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर ती दुरुस्त करत नाही. विख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत हेच सांगितलं होतं: प्रयोग उरकल्यावर आमच्याकडे आलात तर आम्ही फार तर पोस्टमॉर्टेम करू.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. समजा एका शहरात ६०० कुटुंबांचा सर्व्हे करायचा आहे. सोयीचं म्हणून ३० गल्ल्या निवडल्या आणि प्रत्येक गल्लीत २० घरं घेतली. कागदावर ६०० झाली. पण एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात. एकच नळ, एकच गटार, एकाच कारखान्यातली कामं, बऱ्याचदा एकाच गावचे नातेवाईक. विसाव्या घरातून नवीन माहिती फार थोडी मिळते. हा सारखेपणा मोजायचं एक माप आहे. ते फक्त ०.०५ धरलं, तरी ६०० घरांची किंमत वेगवेगळ्या ठिकाणच्या साधारण ३०८ घरांएवढीच उरते. निम्मी! हे ध्यानात न घेता अहवाल लिहिला तर जो फरक खरा नाही तो खरा वाटतो. जाणकार माणूस आधीच सांगतो, गल्ल्या ६० घ्या आणि प्रत्येकीत दहाच घरं. चालणं वाढेल, खर्च थोडा वाढेल, पण आकडा टिकेल.

वेळेचंही तसंच. सकाळी अकराला दार वाजवलं तर यंत्रमागावर रात्रपाळी केलेला माणूस झोपलेला असतो आणि दिवसपाळीचा घरी नसतो. ‘पुरुष भेटले नाहीत’ म्हणून रकाना रिकामा ठेवला, तर दम्याचा आणि टीबीचा अभ्यास ज्यांच्यासाठी चाललाय तेच त्यातून गायब. गल्लीतल्या कुठल्याही आपा हे दोन मिनिटांत सांगतील. म्हणूनच जाणकार आणि वस्ती यांनी एकत्र बसायचं असतं. एकाला गणित माहीत, दुसऱ्याला गल्ली माहीत.

हे आपल्या राज्यात झालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९९३ पासून नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला शिकवून तिनं घरी जाऊन बाळ तपासायचं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ वर आलं. पण खरी ताकद दुसऱ्या आकड्यात होती. तुलनेच्या गावांत हे प्रमाण ५७.७ होतं, ते ५९.६ राहिलं. ‘मृत्यू तसेही सगळीकडे घटत होते’ असं कुणी म्हणू शकलं नाही. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू दोन्हीकडच्या गावांत सारख्याच काटेकोरपणे नोंदला नसता, तर हा प्रयोग एक चांगली गोष्ट एवढाच राहिला असता.

आता नेमणुकीचं बोलू. विद्यापीठ किंवा हॉस्पिटल भागीदार असेल तर जाहिरात तेच काढतील, पदवी आणि पेपर तेच तपासतील. ते काम त्यांचंच आहे. पण मुलाखतीच्या टेबलावर वस्तीच्या दोन खुर्च्या मागा, त्यातली एक बाईची. डिग्री नसली तरी चालतं.

उमेदवाराला एक छोटा कागद द्या: ‘मोहल्ल्यात शुगरचं शिबिर झालं, ४०० लोक आले, १२० जणांची शुगर वाढलेली निघाली, म्हणून मोहल्ल्यात ३० टक्के लोकांना मधुमेह आहे.’ यावर काय म्हणाल? जो लगेच टक्केवारी बरोबर आहे म्हणून मान हलवतो त्याला चहा पाजून निरोप द्या. जो विचारतो की शिबिराला आलं कोण, ज्यांना आधीच शंका होती तेच ना, त्याच्याशी पुढं बोला. हे त्याने मराठीत किंवा हिंदीत, समोरच्या खालाजानला कळेल असं सांगितलं पाहिजे. ज्याला सोप्या भाषेत सांगता येत नाही, त्याच्या हाती वस्तीचे आकडे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग विचारा: निकाल आम्हाला आवडला नाही तर? बरोबर उत्तर एकच आहे, ‘तरीही लिहीन’. इथं आपणही थोडं मन मोठं करायला हवं. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर अहवालात शिक्षण, नोकरी, बँकेचं कर्ज यांत मुस्लिम मागे असल्याचं आलं, ते आपण प्रत्येक सभेत ऐकतो. त्याच अहवालात मुस्लिमांत बालमृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा थोडं कमी असल्याचंही नोंदवलंय, ते मंचावरून सहसा ऐकू येत नाही. सोयीचे आकडे निवडणारा माणूस आज आपल्या बाजूने निवडेल, उद्या दुसऱ्याच्या.

तिसरा प्रश्न घरातल्या मुलींशी संबंधित आहे. अहवालात टेबल आलं: गल्ली नंबर ४, महिला, वय २० ते २४, टीबी, रुग्ण २. नाव कुठंच नाही. पण गल्लीत त्या वयाच्या मुली किती? आठ-दहा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नावं माहीत. आलेला रिश्ता परत जातो, औषधांनी मुलगी पूर्ण बरी झाली तरी. अनुभवी बायोस्टॅटिस्टिशियन असे छोटे रकाने झाकतो, वयोगट मोठे करतो, गल्ली ऐवजी वॉर्ड लिहितो. उमेदवाराने न विचारता हे सांगितलं तर समजा माणूस कामाचा आहे.

आणखी एक. या जागेचा पगार बजेटमध्ये पहिल्या महिन्यापासून धरलाय की शेवटच्या दोन महिन्यांत ‘सल्लागार’ म्हणून, ते बघा. शेवटी आलेला माणूस फक्त टेबलं बनवतो. आकडे कशाशी ताडून बघायचे, ते आधीच लिहून ठेवलेलं असावं आणि त्याची एक प्रत वस्तीच्या कमिटीकडे असावी. म्हणजे निकाल बघून कुणाला प्रश्न बदलता येणार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि त्या कमिटीत सामान्य नागरिकही सदस्य असावा लागतो. मंजुरीचा कागद मागायला संकोच नको.

शेवटी आपल्या मुला-मुलींबद्दल. या कामाला स्टॅटिस्टिक्स किंवा गणितातली बी.एस्सी., त्यावर एम.एस्सी. आणि मग अनुभव लागतो, वरच्या जागांसाठी बहुतेक वेळा पीएच.डी. नीटमध्ये मार्क कमी पडले की घरात सुतक असल्यासारखं होतं, पण आरोग्याच्या क्षेत्रात शिरायचं हेही एक दार आहे, हे फार थोड्या अम्मी-अब्बूंना माहीत असतं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे, वेल्लोरच्या सीएमसीत बायोस्टॅटिस्टिक्सचा. आणि देशाचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जी संस्था पार पाडते, ती १९५६ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, देवनारमध्ये आहे. पत्ता, गोवंडी स्टेशन रोड.