कुतूहल : बेडूक रबरी, तरी मरळ कशी फसते?

पंचगंगेच्या काठावर कुणी गळाला कणकेची गोळी लावतो, कुणी गांडूळ. मरळीच्या मागे लागलेला गडी मात्र केंदाळाच्या कडेला रबरी बेडूक फेकतो. बेडूक दोनदा उडतो, थांबतो, पुन्हा उडतो. तेवढ्यात पाणी फुटतं आणि दोरी ताणली जाते.

रबराला ना बेडकाचा वास, ना चव. मग मरळ फसते कशाला?

हालचालीला. माशाच्या दोन्ही अंगांना डोक्यापासून शेपटीकडे बारीक छिद्रांची रेघ असते. आतले केसासारखे तंतू पाण्याच्या हेलकाव्याने वाकतात आणि मेंदूला खबर पोचते. वरच्या मजल्यावर कोण चालतंय हे खालच्याला न पाहता कळावं, तसंच हे. म्हणून बेडूक सलग ओढण्यापेक्षा थबकत, जिवंत वाटेल असा ओढावा लागतो.

आणि जागा केंदाळाचीच का? तिथल्या पाण्यात ऑक्सिजन कमी. पण मरळ कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेते. डोक्यातल्या खास कप्प्यासाठी ती वर येऊन हवा गिळते. इतर माशांची जिथे घुसमट होते, तिथे ती सावलीत दबा धरून बसते.

हा बेडूक पोकळ असतो. त्याचे गळ पाठीला चिकटलेले असल्यामुळे केंदाळात अडकत नाहीत. मरळीने चावताच अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात.

कटल्याला हे आमिष कुचकामी. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात चरतो. खाली वळलेल्या तोंडाचा मृगळ तळाशी. कटल्यासाठी चारा वर तरंगता हवा, मृगळासाठी तळाला टेकलेला.