घरचं वायरिंग आणि तपासणारा माणूस

हॅमिल्टन, न्यूझीलंड

सांगली-साताऱ्याकडच्या माणसांशी फोनवर बोलताना एक समज मला हमखास ऐकायला मिळतो. परदेशात घरमालकाने लाईटच्या बोर्डाला हात लावला तरी गुन्हा होतो, सगळं लायसनवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं, म्हणून तिकडे शॉक लागून माणसं मरत नाहीत. आणि आपल्याकडे कायदाच नाही, म्हणून कोणीही उठतो आणि तारा जोडतो. या समजाची दोन्ही टोकं चुकीची आहेत. ही चूक जिवावर बेतणारी आहे, म्हणून यावेळचं पत्र त्याच विषयावर.

न्यूझीलंडमध्ये घरमालक स्वतःच्या घरातलं बरंचसं वायरिंग स्वतः करू शकतो, आणि तेही कायद्याने. स्विच, सॉकेट, होल्डर बदलणं, पाणी तापवायच्या टाकीतला एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट बदलणं ही कामं तो मेन स्विच बंद करून खुशाल करतो. नवी केबलसुद्धा ओढू शकतो. घर त्याचं असावं, तो तिथे राहत असावा, कामाचे पैसे घेऊ-देऊ नयेत आणि मेन बोर्डाला हात लावू नये, एवढ्या अटी आहेत. १९९२ च्या वीज कायद्याने ही सवलत दिली आणि काम कसं करायचं हे सांगणारी ‘ईसीपी ५१’ नावाची नियमावली सरकारनेच काढली. शेवटची अट मात्र सगळ्यांत मोठी आहे: नव्या केबलचं काम परवानाधारक निरीक्षकाने तपासून, मीटर लावून मोजून, सही केल्याशिवाय त्यात वीज सोडायची नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्यांचं सारं आयुष्य दुधाच्या शेतीत गेलं, आता सत्तरी ओलांडली आहे. मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनसाठी दोन सॉकेट आणि एक दिवा हवा होता. इथे इलेक्ट्रिशियन तासाला शंभर डॉलरच्या आसपास घेतो आणि बोलावल्यावर आठवडाभर फिरकत नाही. बाईंनी नियमावली वाचली, दुकानातून केबल आणली, लाकडी खांबांना भोकं पाडून ती ओवली आणि भिंत उघडीच ठेवून निरीक्षकाला फोन केला. तो आला, बॅटरीच्या उजेडात सगळी भिंत पाहिली आणि एका ठिकाणी थांबला. केबल खांबाच्या कडेला फार जवळून गेली होती. ‘उद्या इथे कोणी फोटोसाठी खिळा ठोकला तर?’ असं विचारून त्याने सही नाकारली. बाईंनी केबल काढून मधून ओवली. तो पुन्हा आला, इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग मोजलं, मग सही केली आणि मग खोलीत उजेड पडला. तो कागद त्यांनी घराच्या फायलीत लावला. सही नाकारली म्हणून त्यांना अपमान वाटला नाही, आणि ‘बाईमाणसाने हे कशाला करायचं’ असंही कोणी म्हणालं नाही.

मला या पद्धतीतला उशीर जाचतो, हेही सांगतो. कडाक्याच्या थंडीत एका सहीसाठी आठवडा घालवायचा, एवढ्याशा कामाला एवढे पैसे मोजायचे, याची सवय होत नाही. आमच्या सांगलीच्या गल्लीतला वायरमन रात्री अकराला फोन केला तरी मोटारसायकलवरून यायचा आणि चहा घेऊन जायचा. त्या आपलेपणाची आठवण इथे रोज येते.

आणि जिथे मालकाला खरोखर मनाई आहे तो देश म्हणजे शेजारचा ऑस्ट्रेलिया. दोन्ही देशांचे वायरिंगचे नियम एकाच पुस्तकात आहेत, प्लगही एकच. पण तिथे परवाना नसताना साधा स्विच बदलणंसुद्धा बेकायदा. तरीही २००९-१० मध्ये सरकारी योजनेतून घरांच्या छतांत इन्सुलेशन बसवताना चार तरुण कामगार गेले, त्यांतले तिघे विजेच्या धक्क्याने. पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं, २०१४ मध्ये अहवाल आला. मालकाला स्विचला हात लावू न देणाऱ्या देशात, पुरेसं शिक्षण न मिळालेली पोरं जिवंत तारांच्या जागेत धाडली गेली होती आणि काम सुरू होण्याआधी तिथली वीज बंद आहे का हे कोणी पाहिलं नव्हतं. मनाईने जे साधत नाही ते वेळेवर केलेल्या तपासणीने साधतं, हे मला त्यातून दिसतं.

आता आपल्याकडचा कायदा पाहू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम असा होता की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या किरकोळ बदलापलीकडचं कुठलंही काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच आणि प्रमाणपत्रधारक माणसाच्या थेट देखरेखीखालीच करायचं. नंतर २०१० चे विनियम आले, २०२३ मध्ये तेही बदलले, ही अट मात्र कायम राहिली. म्हणजे कागदावर आपला कायदा न्यूझीलंडपेक्षा कडक आहे. माझ्या शेजारच्या बाईंनी जे केलं ते सांगली जिल्ह्यात बेकायदा ठरलं असतं.

पण तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात परवाना असलेल्या माणसाने घरात येऊन वायरिंग केलेलं मी पाहिलेलं नाही. आयटीआयमधून तारतंत्री, वीजतंत्री होऊन निघालेली मुलं चाकणला नाहीतर पुण्याला कंपनीत लागतात. गावात काम करतो तो कोणाच्या तरी हाताखाली दोन वर्षं काढलेला पोरगा. हाताने हुशार असतो, पण त्याच्याकडे टेस्टरपलीकडे मोजायचं काही नसतं. नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो. इन्सुलेशन किती, अर्थिंगचा रोध किती, हे मोजून परवानाधारकाने त्यावर सही करायची असते. आमच्या घराचा रिपोर्ट आला तेव्हा ज्याची सही होती तो माणूस घराची पायरी चढलाच नव्हता. आकडे मात्र सगळे भरलेले होते. साध्या घरापर्यंत विद्युत निरीक्षक येत नाही, तिथे सगळी भिस्त या एका कागदावर असते. पुढे कधीतरी बोर्ड उघडला तेव्हा थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकाची हिरवी तार मागे गुंडाळून सोडलेली दिसली. ती कशालाच जोडलेली नव्हती.

या तिसऱ्या भोकावर मला तळमळीने बोलायचं आहे. मिक्सर, गिझर, फ्रिज, मोटार यांच्या धातूच्या अंगावर कधी वीज उतरली तर तिला जमिनीत जायची वाट त्या भोकातून मिळते. घर बांधताना कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा भरतात, त्यावर फरशी येते, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं हे घरातली माणसं विसरतात. कुठे खड्डाच नसतो. कुठे जाड पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तोडून टाकतात. मग वीज आपली वाट माणसाच्या अंगातून काढते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात आत्याच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरलं तसे गल्लीतले पोरगे मदतीला धावले. चिखल काढला, बोर्ड उघडले, पुसले, उन्हात वाळवले, पुन्हा बसवले, लाईट आली. त्या दिवसांत जी माणुसकी दिसली तिला तोड नाही. पण भिंतीतल्या पाइपात शिरलेलं पाणी कोणाला दिसलं नाही आणि इन्सुलेशन मोजणारा मेगर लावून पाहायचं कोणाला सुचलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायची, ‘फ्रिज उघडताना पायात चप्पल घाल गं, मुंग्या येतात.’ ही सूचना आपल्या किती घरांत दिली जाते! मुंग्या येतात म्हणजे फ्रिजच्या अंगावर वीज उतरली आहे. चप्पल ओली असली, फरशी ओली असली, तर त्या मुंग्यांचं रूपांतर मृत्यूत व्हायला क्षण लागत नाही.

‘आमच्याकडे एमसीबी बसवलाय, काही होत नाही,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. एमसीबी तार वाचवतो, माणूस वाचवत नाही. सहा अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेला की पडतो. माणसाचं हृदय थांबायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका करंटही पुरतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला दुकानात अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो. अर्थिंग चांगलं असेल तर माणसाचा हात लागायच्या आधीच तो पडतो. न्यूझीलंडच्या नव्या घरात त्याच्याशिवाय सॉकेट बसत नाहीत. आपल्याकडे तो दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. तरी पीओपीच्या छतावर लाख घालणाऱ्या घरात तो नसतो. आणि ज्यांनी बसवला त्यांच्याकडे तो सारखा पडायला लागला की ‘खराब निघाला’ म्हणून काढून टाकतात. तो पडतो, कारण घरात कुठेतरी वीज गळते आहे.

शेतातली गोष्ट याहून कठीण. माझे चुलते, तात्या, डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकतात. ‘डीओ’, म्हणजे खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज, पडला तर तो बांबूने चढवणारेही गावात आहेत. वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट असतात. मी रागावलो तर तात्या शांतपणे म्हणाले, ‘आरं, वायरमनकडं किती गावं हायत बघ की. रातची लाईट, ती बी आठ तास. तो येईस्तवर निम्मी लाईट जाती आन् बाग वाळती.’ त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथला शेतकरी इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचावेत म्हणून स्वतः काम करतो. आमचे तात्या पीक वाचावं म्हणून, अंधारात, ओल्या पायांनी करतात. दोघांना एकाच तराजूत घालून आपल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

अडाणी तर तो मुळीच नाही. मोटारीच्या आवाजावरून कोणता फेज गेला हे तात्या बांधावर उभं राहून सांगतात. विट्याला, तासगावला, कराडला जळालेली मोटार रातोरात भरून देणारी दुकानं आहेत. तसा हात मला इथे शोधून सापडत नाही. ज्या जिल्ह्यात १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी आहे, जिथल्या पंपांनी देशभरच्या विहिरी उपसल्या, तिथल्या माणसांना यंत्राची भीती कधीच नव्हती. कोयनेची १,९६० मेगावॉट वीज सातारा जिल्ह्याच्या पाण्यावर होते, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. वीज तयार करणारे हे जिल्हे. आणि तरीही दर पावसाळ्यात तीच बातमी: कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली, बाई चिकटली, सोडवायला धावलेला नवराही गेला. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं मरतात, असं सरकारी नोंदी सांगतात. यांतली कितीतरी माणसं एका मीटरच्या मोजणीने वाचली असती.

म्हणून माझी विनंती कायदा आणखी कडक करण्याची नाही. कडक कायदा आपल्याकडे १९५६ पासून आहे, आणि तो पाळणं परवडत नाही म्हणून सगळे मिळून खोटा कागद करतात. त्यापेक्षा काम करणाऱ्या हाताला मान द्या, गावातल्या पोराला चोरासारखं वागवू नका, आणि त्याने केलेलं काम वीज सोडण्याआधी दुसऱ्या कोणीतरी मोजलंच पाहिजे, एवढं एक सक्तीने करा.

सुरुवात सरकारची वाट न पाहता होऊ शकते. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्याला आयटीआय आहेत. तिथल्या मुलांनी शिक्षकांबरोबर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन एकेक गाव धरावं. प्रत्येक घरात तिसऱ्या भोकाला अर्थिंग आहे का, इन्सुलेशन किती, सर्व्हिस वायर कुठल्या पत्र्याला किंवा तारेला घासते, हे मोजून मालकाच्या हातात कागद द्यावा. त्यावर सही करणाऱ्याने त्या घरात पाऊल टाकलेलं असावं. गणपतीत लायटिंगवर लाखांनी खर्च करणाऱ्या मंडळांनी आपल्या गल्लीतल्या गरीब घरांत एकेक आरसीसीबी बसवून द्यावा. ग्रामसभेने पुराची रेषा पाहून बोर्ड तिच्या वर घ्यायला सांगावं. हे सगळं आपल्याकडच्या माणसांना येतं, न्यूझीलंडमधून कोणी शिकवायला यायची गरज नाही. मी सुट्टीवर येईन तेव्हा तात्यांच्या गावापासून या कामाला लागायला तयार आहे; मेगर माझ्या पैशांचा. बरोबर कोण येतंय ते कळवा.