अंगठा तुमचा, संगणक त्यांचा : ऑपरेटरची जबाबदारी काय?

वडगाव मावळ : पीएम किसानची ई-केवायसी असो की उत्पन्नाचा दाखला, वडगाव, कामशेत, पवनानगर किंवा लोणावळ्यातल्या सेवा केंद्रात गेलं की आधार, पासबुक आणि ओटीपी ऑपरेटरच्या हाती जातो. मशीनवर अंगठाही ठेवला जातो. काम झालं की माणूस गावाकडं निघतो. स्कॅन केलेले कागद मात्र त्या संगणकातच राहू शकतात. त्यांचं पुढं काय करायचं आणि काय नाही, हा संगणक नीतिमत्तेचा प्रश्न.

शब्द जड, अर्थ साधा : कामापुरती मिळालेली माहिती कामापुरतीच वापरायची. संगणक व्यावसायिकांच्या 'एसीएम' या जागतिक संघटनेच्या २०१८ च्या आचारसंहितेतही हेच आहे. कुणाचं नुकसान करू नका, खासगीपणा जपा, गोपनीयता पाळा. हिंजवडीतल्या इंजिनिअरला जे लागू, ते गावातल्या ऑपरेटरलाही लागू व्हायला हवं.

पुण्यात २००५ साली याची चुणूक दिसली. एका कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँक ग्राहकांकडून बोलता बोलता पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. कुलूप तोडलंच नव्हतं, ग्राहकांनीच किल्ली दिली होती.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम ७२-अ आलं. करारानं काम करताना हाती आलेली वैयक्तिक माहिती, नुकसान करण्याच्या हेतूनं परवानगीशिवाय दुसऱ्याला दिली, तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा ६६-क खाली गुन्हा.

मावळात जमिनीला सोन्याचा भाव. सातबारा तसाही कुणालाही ऑनलाइन दिसतो. पण आधार, पॅन, फोटो आणि सही एकत्र चुकीच्या हाती पडली, तर बनावट कुलमुखत्यारपत्रापर्यंत मजल जाऊ शकते.

बहुतेक ऑपरेटर सर्व्हर डाउनशी झुंजत प्रामाणिकपणेच काम करतात. घोळ होतो तो सोयीपायी. आजोबांकडं फोन नाही म्हणून फॉर्मवर ऑपरेटरचाच नंबर टाकला जातो, मग पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडंच. त्यापेक्षा घरातल्या कुणाचा तरी नंबर द्यावा. कागद स्कॅन झाले की 'फाईल डिलीट करा' असं समोरच सांगायला लाजू नये. एमआधार अ‍ॅपमधून अंगठ्याचा वापर लॉक करता येतो, गरजेला उघडताही येतो. खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.